दीपिकाच्या मापाची अंगठी

करिश्माची बोटं कशी होती, ते आधी सांगायला हवं. जाड, काळसर, पेरांशी फुगलेली. बाप गेला तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून धान रोवणं, धान कापणं, आणि घरात धान आलं की गावातल्या बायांसोबत गाडीत बसून तेलंगणात मिरची तोडायला जाणं, हेच तिचं आयुष्य. धाकट्या दीपिकाला मात्र तिनं चिखलात पाय ठेवू दिला नाही. "तू पेन धर. बाकीचं माह्यावर सोड," एवढंच म्हणायची. दीपिकानंही सगळं तिच्यावर बिनघोर सोडलं.

सावली तालुक्यातल्या त्यांच्या गावात करिश्माला पाहायला पवन आला. बल्लारपूरला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पसंती कळवून गेला, आणि मग त्याचे फोन सुरू झाले. मिरचीच्या वावरात दुपारी फोन वाजला की बाया मुद्दाम खोकायच्या आणि करिश्मा ओढणी सावरत बांधावर जाऊन बसायची. "जेवली का?" असं पवन विचारायचा. एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. या माणसाशी आपलं लग्न व्हावं, याहून तिला काही नको होतं.

साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, अंगठी करायची म्हणून पवनच्या घरून बोटाचं माप मागितलं. करिश्माच्या आईनं, मंगलीनं, तिला फोन लावला.

"माप कोठून देऊ वं? तू तं तिकडं."

"दीपिकाचं दे न माय. आमच्या बांगड्या एकाच मापाच्या."

होत्या एकाच मापाच्या, पण जत्रेत बांगड्या भरल्या तेव्हा दोघी फ्रॉकात होत्या. त्यानंतर स्वतःच्या हातांकडे पाहायला या पोरीला सवड कुठली? मंगलीनं दीपिकाच्या बोटाला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि दोरा पाठवून दिला.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी करिश्मा घरी आली. मिरचीनं बोटांची आग होत होती. दही चोळलं, खोबरेल चोळलं. दुसऱ्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर पवननं तिचा हात हातात घेतला, आणि अंगठी पेराशी अडली. त्यानं हसत ढकलली. मग न हसता ढकलली. कुणीतरी साबण आणला. साबणानंही जमेना.

"पोरीचे हात तं गड्यावानी हायेत!" पवनची आई म्हणाली आणि मांडवात हशा पिकला. पवननं तिचा हात सोडून दिला. त्यानं तो हात नीट पाहिला तो त्या दिवशीच.

"माप तं हेच आलं होतं. कोनाचं देल्लं?" सासू होऊ घातलेल्या बाईनं विचारलं. मंगलीनं भोळेपणानं सांगून टाकलं. बाईनं लगेच दीपिकाला पुढं बोलावलं. अंगठी सर्रकन गेली. दीपिकानं हात जरासा उचलून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते करिश्माला दिसलं. पुढच्या क्षणी दीपिकानं अंगठी काढून दिली.

"वाढवून आनतो," म्हणत पाहुण्यांनी अंगठी डबीत घालून नेली.

करिश्मा परत मिरचीला गेली नाही. बोटं बारीक होतात असं कुणी सांगितलं म्हणून ती हाताला ओलं फडकं आवळून झोपू लागली. वेडी पोर! पवनचे फोन कमी झाले, मग बंद पडले. ती त्याच्यासाठी कारणं शोधत राहिली.

शेवटी सोयरीक जुळवणारा बुधूमामा आला. ओट्यावर बसला, पण चहाला हात लावेना.

"अंगठी वाढत नाई म्हन्ते का सोनार?" करिश्मानंच विचारलं.

"अंगठीचं नाई वं पोरी," मामा खाली पाहत म्हणाला. "ते लहानीले मांगून राह्यले."

मंगलीनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. दीपिका दारात उभी होती. करिश्मानं तिच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. एक "नाई" हवा होता तिला, तोंडदेखला का असेना. दीपिका पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

करिश्माला राग आला. पण जिला काटा टोचू नये म्हणून आपण उन्हातान्हात राबलो, तिच्यावर तो काढायचा कसा, हे तिला ठाऊक नव्हतं.

"हो म्हनून सांगजो मामा," ती म्हणाली आणि पाणी भरायला निघून गेली. त्या दिवशी विहिरीवर ती पोटभर रडली.

दुसरं साक्षगंध त्याच अंगणात झालं. करिश्मा ताट घेऊन दीपिकाच्या मागं उभी होती. मुठीत तिनं दोरा ठेवला होता. वाढवलेली अंगठी दीपिकाला ढिली होणार, पुन्हा चारचौघांत हसं व्हायला नको. आतून चार वेढे गुंडाळले की बसेल, असा तिचा हिशेब.

पवननं डबी उघडली. अंगठी तीच होती. ती एका दमात दीपिकाच्या बोटात गेली आणि घट्ट बसली.

कुणी ती वाढवायला सोनाराकडे नेलीच नव्हती.

बायांनी अक्षता टाकल्या. करिश्मानंही टाकल्या, डाव्या हातानं. उजव्या मुठीत दोरा होता.