मुजियोनोच्या दारातली केळ

मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. साफ खोटं. मत्सरानं कांग सागिमानची नजर इतकी तेज झाली होती की लांब वळणावर धूळ उडाली तरी ती कुणाच्या ट्रकची, हे तो सांगायचा. बहुतेकदा ती मुजियोनोच्या ट्रकची असायची.

सागिमानला आम्ही सगळे कांग म्हणतो, म्हणजे दादा. लाम्पुंग प्रांतातल्या आमच्या रस्त्यावर तो जुना सहाचाकी चालवतो, कसावाचे कंद स्टार्चच्या कारखान्यात पोचवतो. समोरच्या घरातला मुजियोनोही तेवढ्याच ट्रकनं तेच करायचा. मग त्यानं चेसिस मधोमध कापून, तुकडा जोडून लांब करून घेतली, फाळके उंच केले, मागे वाघ रंगवला आणि दोन खेपांचा माल एका खेपेत न्यायला लागला. घरात फरशी आली, बायकोच्या हातात सोनं आलं, आणि इकडे सागिमानच्या पोटात दुखायला लागलं.

"हॉर्न ऐकलास? गाणं वाजवतो, गाणं. कंदांची वरात काढलीय जशी."

"मला चाकं ऐकू येतात," त्याची बायको सुकेनी म्हणायची. तिची कॉफीची टपरी रस्त्याला लागूनच आहे. "तो गेला की माझे ग्लास नाचतात. कालच दोन फुटले."

या असल्या ट्रकांविरुद्ध मी सह्या मागत फिरतो. हिशेब साधा आहे. चाकावरचं ओझं दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, सोळापट होतं. रस्ते खात्याच्या साहेबांना सांगितलं तर ते फोनमध्ये बघत बसले. सागिमानला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तो सोळा जणांचा रस्ता एकटा खातो. आणि मीच का उपाशी राहू?" ट्रक कापायला वर्कशॉपमध्ये त्यानं नंबरही लावून ठेवला होता. ईद झाली की त्याचीही पाळी होती.

रस्ता फारच फुटला की आमच्याकडे खड्ड्यात केळ लावतात. साहेबांना अर्ज दिसत नाहीत, पण भर रस्त्यात उभी केळ दिसते. सगळ्यात खोल खड्डा टपरीसमोर होता. सुकेनीनं बोट केलं, "इथे."

"तिथे नाही," सागिमान म्हणाला. "मुजियोनोच्या दारात. रस्ता कुणी खाल्ला ते गावाला कळू दे."

"अहो, खड्डा इथे आहे," सुकेनी म्हणाली.

"चोर तिथे आहे."

मीही भांडून बघितलं. पण केळ त्याच्या अंगणातली, पहारही त्याचीच. केळफूल येऊ घातलेलं भलं दांडगं झाड त्यानं मुळासकट काढून मुजियोनोच्या दारातल्या खड्ड्यात रोवलं, वर बकरीचं खत घातलं. निषेधाची केळ दोन दिवसांत मान टाकते. ही मात्र पठ्ठी जगली. केळफूल लोंबायला लागलं, लोक फोटो काढायला थांबायला लागले, आणि ते फोटो कुठे कुठे पोचले देव जाणे. एका सकाळी रोलर आला.

केळ तोडली आणि डांबर टाकलं. पण किती? जिथे केळ होती तेवढंच. मुजियोनोचं दार काळंभोर, गुळगुळीत झालं आणि टपरीसमोरचा खड्डा तसाच आ वासून राहिला.

मुजियोनो लवंगेची सिगारेट पुढे करत आला. "कांग, तुमच्या हाताला गुण आहे बघा. दारात अंगण झालं."

सागिमाननं सिगारेट घेतली नाही. त्या दिवशी जेवणही घेतलं नाही. सुकेनी म्हणाली, "जेवा. माझं बोट बघितलं असतंत तर तो रोलर आपल्या दारात आला असता."

मुजियोनो आता रोज संध्याकाळी भरलेला ट्रक त्याच नव्या डांबरावर उभा करायचा, ऐटीत. सागिमान टपरीतून बघायचा आणि कॉफी गार व्हायची. मग एका सकाळी सुकेनीनं त्याला हाक मारली. ट्रकची मागची चाकं डांबरात निम्मी रुतली होती आणि वाघ आभाळाकडे बघत होता.

सागिमान ग्लास घेऊन चवीनं बघत उभा राहिला.

"हसू नका, कांग. तुमचा ट्रक आणा," मुजियोनो म्हणाला.

"माझा छोटा आहे. तुझा वाघ ओढवायचा नाही त्याला."

"ओढू नका. अर्धा माल घ्या."

अर्धे कंद छोट्या ट्रकमध्ये चढले तेव्हा कुठे मोठा हलला. टोपल्या देता देता मुजियोनो हळूच म्हणाला, "चेसिसच्या जोडाला चीर पडलीय, कांग. रोज रात्री उठून बॅटरी मारून बघतो, वाढली का."

"मग ट्रक बदल माझ्याशी."

"ट्रक नको. झोप देता का?"

सागिमाननं पुढची टोपली घेतली. आपल्याकडेही कुणी हेवा करावा असं काही आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते त्याला फार गोड लागलं.

ईदनंतर तो वर्कशॉपला गेला आणि होता तेवढ्याच लांबीचा ट्रक घेऊन परत आला. फक्त मागच्या फाळक्यावर घडानं लगडलेली केळ रंगवलेली होती, मुजियोनोच्या वाघापेक्षा चांगली वीतभर उंच. खाली लिहिलं होतं, 'ओझं कमी, झोप गाढ.'

"आणि कापायचं राहिलं?" सुकेनीनं विचारलं.

"आपल्या दारात एक खड्डा आहे तो त्याचा आहे. दुसरा मी कशाला पाडू?"

मग पहार घेऊन तो टपरीसमोरच्या खड्ड्याकडे गेला. सुकेनीनं आधीच केळीचा कोंब काढून ठेवला होता.

साधू वगैरे झाला नाही तो. अजूनही कारखान्याच्या अरुंद रस्त्यावर मुजियोनो मागे आला की हा बाजू देत नाही. मागचं गाणं वाजून वाजून थकतं. हा आरशात बघत असतो, मुजियोनो पाटी वाचतोय की नाही.