चार सुरांनी अडवलेला बाप

वीस वर्षं मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होतो. मी रंगमंचावर आलो की ऑर्गनवाला ठरलेले चार सूर वाजवायचा, तीन आखूड आणि चौथा लांब. जर्मनीतल्या एका जुन्या संगीतकाराची सिंफनी त्याच सुरांनी सुरू होते, हे मला फार उशिरा मोबाइलवर कळलं. आमच्याकडे ते सिनेमातून आले आणि मलाच चिकटले.

नाटकानाटकांत पोरी पळवून गुडघे थकले होते. यंदा विनवण्या करून वडशाच्या कंपनीत प्रेमळ बापाची भूमिका मिळवली. चामोर्शीकडच्या पहिल्याच प्रयोगात लेकीला निरोप द्यायला मी डोळे पुसत आलो, आणि माझ्या जुन्याच ऑर्गनवाल्याने सवयीने तेच चार सूर हाणले.

पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली, "पळ वं पोरी! आला हलकट!"

मंडप हसून लोळला. माझं रडणं कुणी ऐकलंच नाही.

विंगेत ऑर्गनवाला म्हणाला, "माफ करा भाऊ. तुमाले पाह्यलं का बोटं आपोआप पडतात."

निर्माता म्हणाला, "उद्यापासून परत खलनायकाच्या मिशा लावा भाऊ. लोकायले तुमी बाप म्हणून चालत नाई."

"लावतो," मी म्हटलं, "पण एक खुर्ची द्या. यंदाचा खलनायक बसूनच पोरी पळवेल."