कागदावर तरणीच राहिलेली आत्या

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. आदिलाबादच्या घरी कूलरसमोर आडवा झालो होतो, तेवढ्यात गावाहून सिंधूबाईचा फोन आला. सिंधूबाई म्हणजे माझ्या आत्याची शेजारीण आणि कापसाच्या जिनिंग मिलमधली जोडीदारीण. एरवी ती फोनवर ओरडूनच बोलते. त्या दिवशी हळू बोलली. “गुरुजी, आत्या गेली तुमची. पानी पाजाले गेली मी, तं उठलीच नाई.” मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. असल्या वेळी माणूस ‘बरं’ का म्हणतो, कुणास ठाऊक... आज तिला जाऊन पाच आठवडे झाले. जलदान विधी आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले, पण ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.

अंजनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव जैनथकडचं, पेनगंगेच्या अलीकडचं, तेलंगणातलं. आजोबांनी दोघांपैकी एकालाच शाळेत घातलं, वडिलांना. आत्या कापूस वेचायला गेली. पुढे वडील अकाली गेले आणि माझं डी.एड.पर्यंतचं शिक्षण तिच्याच वेचणीवर झालं. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. उलट मला चष्मा लागला तेव्हा गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाली, “येवढं काऊन वाचून राह्यला रे बाप्पा? पुस्तकातले अक्षर पळून चालले का?” तिचा नवरा लग्नानंतर चार वर्षांनी नदीपलीकडे कामाला गेला, तो परत आलाच नाही. तिला मूलबाळ नव्हतं. होता फक्त मी, आणि मी तिच्या काय कामी आलो ते आता सांगतो.

आधारकार्डं निघू लागली त्या वर्षी आमच्या गावच्या शाळेत शिबिर होतं. मी नुकताच मास्तर झालो होतो, अक्षर बरं, म्हणून अर्ज भरायला मला बसवलं. आत्याचा नंबर आला. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरून मला तिचं वय ठाऊक होतं. ती त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. मी लिहायला लागलो तशी ती वाकून कुजबुजली, “लय मतारी नको लिवू. जिनिंगवाला आता कारड पाह्यते म्हनते.” मी हसलो आणि तिच्या वयातली बारा वर्षं एका फटक्यात उडवली. “आत्या, तुला तर आता स्थळ बघावं लागेल,” असंही वर म्हणालो. ती लाजून तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवशी आपण तिचं मोठं काम केलं, असं मला मनापासून वाटलं होतं.

जिनिंगमधलं तिचं काम म्हणजे ढिगाऱ्यातला डागी कापूस निवडणं. दिवसभर नाकातोंडात तूस. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की मुकादम सकाळी ऑटो घेऊन गल्लीत यायचा आणि उभ्या बायकांतून बोटानं निवडायचा. पांढऱ्या डोक्याची बाई तो घ्यायचा नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर या बायका अंगणात ओळीनं बसून एकमेकींच्या डोक्याला कलप लावायच्या. त्यात आत्या सगळ्यांत हौशी. कानाच्या पाळ्यासुद्धा काळ्या करून घ्यायची आणि आठ दिवस तशाच मिरवायची. आम्ही चिडवायचो, तीही चिडवून घ्यायची.

पण खोकला लागला, ओझं उचलवेना, आणि एक दिवस तिनंच पेन्शनचा विषय काढला. ‘नवऱ्यानं टाकलं’ असं लिहून दिलं असतं तर एकट्या बाईची पेन्शन मिळण्याजोगी होती. त्याला ती तयार नव्हती. “तो मले सांगून गेला हाये,” एवढंच म्हणायची. राहिली म्हातारपणाची, आणि त्यासाठी कार्डावरचं वय पुरेना. मी म्हटलं, माझ्याकडे येऊन राहा, मी आहे ना. त्यावर ती म्हणाली, “तुहं घेतलं तं ते तुहंच राह्यते बापू. सरकारनं देल्लं तं माहं व्हईन. इतके वर्स राबली म्या.” मला तेव्हा तो हट्ट वाटला. आता वाटतं, तिनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच.

वय दुरुस्त करायचं तर जन्माचा पुरावा हवा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं तो आणायचा कुठून? मी रजा टाकून चकरा मारल्या. शेवटी तपासणीला घेऊन या, बघून ठरवू, असं एका साहेबानं सांगितलं. तारीख मिळाली ती नेमकी हंगामाच्या सुरुवातीची. मी आत्याला बजावलं, यंदा कलप नको. तिनं ऐकलं. डोकं पांढरं झालं, आणि मुकादम तिच्यासमोरून रोज ऑटो भरून जाऊ लागला. आठ दिवस ती घरी बसली. नवव्या दिवशी मी तिला न्यायला गेलो तर डोकं काळंकुळकुळीत! साहेबानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “इंका टैम उंदम्मा.” अजून वेळ आहे, बाई.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. चारचौघांत ओरडलो. “मी तुझ्यासाठी उंबरे झिजवतो आणि तुला नटायचं सुचतं?” ती खाली बघत म्हणाली, “पेन्शन कवा येईन रे? चूल तं आज पेटवा लागते ना.” मी तिला ऑटोत बसवून दिलं आणि हिवाळाभर गावाकडे फिरकलो नाही. खोटं वय लिहिणारा मी, आणि रागही मलाच आला होता... याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

एप्रिलमध्ये गेलो तेव्हा ती खाटेवर होती. दोन महिने अंथरुणाला खिळलेली. केस कापसासारखे पांढरे. मला बघून उठून बसली, डोक्यावरून हात फिरवला आणि हसली. “आता ने मले हापिसात. आता पटन त्यायले.” मी म्हणालो, ऊन उतरलं की नेतो. ऊन उतरायच्या आत ती गेली.

मृत्यूची नोंद करायला पंचायतीत गेलो. वय सहासष्ट सांगितलं. सेक्रेटरीनं कार्ड पाहिलं आणि अवघडून म्हणाला, “सर, कार्ड में जो है वही लिखना पड़ता.” चोपन्न. खाली सही माझीच.

तिथून तिच्या घरी गेलो. तिचा ओटा सारवलेला होता. सिंधूबाई अजून रोज सारवते. तिथं बसलो, तर सिंधूबाई आपलं कार्ड घेऊन आली. मागोमाग गल्लीतल्या आणखी चार-पाच जणी, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड. “गुरुजी, आमचं बी पाहा ना. त्या टायमाले आत्याच्या मांगं आमीच उब्या होतो. तिच्यावानीच लिवा म्हनलं, तं तुमी लिवून देल्लं.” मला आठवलं. मी लिहीत गेलो होतो, हसत हसत, एकीमागून एक. सिंधूबाईचं कार्ड हातात घेतलं आणि तिला तिचं खरं वय विचारलं. तिला खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरेपर्यंत ती ओट्याला धरून उभी राहिली, मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “तुमच्या आत्याहून दोन वर्सानं मोठी हावो मी.”