वाहेदनं फेकलेलं लाकूड

नेकनूरचा वाहेद बोअरच्या गाडीवर मिस्त्री. हात सोन्याचा, पण स्वच्छतेची खोड अशी की त्याची बायको सईदा म्हणते, "यांच्या हाती दिला तर कोळसासुद्धा गोरा व्हईल!" दोन वर्षांमागं तो मेघालयात युरेनियम शोधणाऱ्या ड्रिलिंगच्या कामावर निघाला, तेव्हा स्टँडवर त्याच्या गळ्यात हार पडले. भाषणही झालं. ते मीच ठोकलं.

आपल्याकडं बोअरमधून काळा पाषाण निघाला की मालकाचं तोंड उतरतं. पाणी न्हाई, गुंडाळा गाडी! वाहेदच्या डोक्यात तेच बसलेलं. तिकडं जमिनीतून पांढुरक्या वाळूच्या दगडाच्या लांब कांड्या निघत, आणि मधेच काळे, कोळशासारखे तुकडे. या भल्या माणसानं ते उचलून गाळाच्या खड्ड्यात फेकले आणि उरलेल्या कांड्या घासूनपुसून नमुन्यांच्या पेटीत ओळीनं मांडल्या.

तिथल्या भूवैज्ञानिक धनश्री मॅडम, आपल्या लातूरच्या. पेटी बघून म्हणाल्या, "मधलं कुठंय?"

"घाण व्हती मॅडम. साफ केली."

"घाण? अहो, ते लाकूड होतं! कोट्यवधी वर्षांपूर्वी नदीच्या वाळूत गाडलं गेलेलं. पाण्यात प्राणवायू असतो तोवर युरेनियम विरघळून वाहत राहतं. कुजणारं लाकूड तो प्राणवायू खाऊन टाकतं, मग युरेनियम तिथंच बसतं. आपण शोधतोय तेच तुम्ही फेकलंत!"

कंत्राटदार शेजारीच उभा. "तुकडे सापडले तर ठीक, नाहीतर उद्याच घरी."

वाहेदला दरदरून घाम फुटला. हार घालून गेलेला गडी महिन्यात परतला, तर नेकनूर त्याला सोडतंय व्हय? चाळणी घेऊन तो खड्ड्यात उतरला. दिवसभर गाळ चाळला. काळा तुकडा निघाला की मॅडम त्याला किरणोत्सर्ग मोजायचं मीटर लावत, युरेनियम असलं की ते टकटक करू लागे, आणि वाहेद तुटलेल्या कडा जुळवून त्याची जागा शोधी. बिचाऱ्या मॅडमही चिखलात उकिडव्या बसल्या.

संध्याकाळी एकच जागा रिकामी उरली. कंत्राटदारानं मान डोलावली. नोकरी राहिली. रिकाम्या जागी लाकडी ठोकळा ठेवून मॅडमनी त्यावर लिहिलं, 'नमुना हरवला.'

"मॅडम, माझं नाव लिवू नका. नेकनूरला कळलं तर लई हसतील."

"इथून नेकनूरला कोण सांगतंय?"

भोळी पोरगी! वाहेदनंच सईदाला फोन केला, सईदानं आमच्या हिला सांगितलं, आणि आमच्या घरात आलेली बातमी कधी घरात राहिलीय का?