ॲम्ब्युलन्समधल्या कोंबड्या

माझे वडील एका धर्मादाय दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचे. लांब नाकाडाची, पांढरी, टपावर पितळी घंटा. सायरन वगैरे भानगड नव्हती. ड्रायव्हरच्या डोक्याशी एक दोरी लोंबायची, ती ओढली की घंटा वाजे. मला पुढे बसायचं असे आणि ती दोरी ओढायची असे. वडील दोन्ही करू देत नसत. म्हणायचे, "रिकाम्या गाडीची घंटा वाजवायची नाय. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कोणाचं माणूस हाय आत म्हणून."

लहानपणी राहून गेलेल्या गोष्टी शहाणी माणसं विसरतात. मी पन्नाशीला टेकले, घरात सून आली, आणि तेव्हा माझ्या मनानं घेतलं की तसलीच गाडी शोधायची, पुढे बसायचं आणि घंटा वाजवायची. त्या वेळची मी स्वतःला फार हुशार समजत असे. आज ती बाई भेटली तर तिच्या हातात झाडू देईन आणि अंगण दाखवीन.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्या मोटारींचे शौकीन मुंबईत असतात म्हणे. आमच्याकडे जुन्या ॲम्ब्युलन्सचे होते, मला धरून तीन. एक आमच्या शहापूरचे गॅरेजवाले, त्यांच्याकडे दीड गाडी होती. दुसरे मुरबाडचे चित्रकलेचे मास्तर. त्यांच्या गाडीवर घेवड्याचा वेल चढला होता आणि मास्तरीणबाई शेंगा काढायला टपावर चढत. आमचा नियम असा की एकाला गाडी हवी असली की बाकीच्या दोघांनी जिवाचं रान करून शोधायची. नियमात खोट नव्हती. खोट मदत करणाऱ्यांत होती.

मास्तर धसईच्या बाजारात अंडी घेत होते. विकणारी म्हातारी म्हणाली, "घ्या, गाडीतली हायत." मास्तरांनी तिच्या मागोमाग घर गाठलं. परसात चिंचेखाली ॲम्ब्युलन्स, टपावर घंटा, आत कोंबड्या. नवऱ्यानं कधीकाळी भाजी वाहायला घेतलेली. तो गेला, गाडी बसली, कोंबड्या चढल्या. मास्तरांनी आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन करून मला निरोप दिला. मी कळवलं, मी रविवारी येते, तोवर कुणी काही बोलू नका.

कोण ऐकतंय! मास्तर परत जाऊन त्या म्हाताऱ्या मावशीला सांगून आले की ही अमूल्य ठेव आहे, पुढच्या पिढ्यांसाठी जपली पाहिजे. गॅरेजवाले त्यांना न सांगता गेले आणि म्हणाले की हे भंगार आहे, नुसतं उचलून नेतो, तेवढीच जागा मोकळी होईल. दोघांनाही वाटत होतं की आपण माझं काम सोपं करतोय.

रविवारी मी पोचले तर गाडीच्या नाकावर झेंडूची माळ आणि दाराला कुलूप.

"एक म्हंतो देवळात ठेवायची वस्तू हाय, दुसरा म्हंतो भंगार हाय," मावशी म्हणाली. "मंग तुमी तिघं येवढी धावता कशाला गो? काय हाय आत?"

"काही नाही हो मावशी, कोंबड्याच आहेत."

"त्या माज्या हायत."

अख्खा दिवस बोलून मी व्यवहार जुळवला. पण मावशीनं अट घातली: नवं खुराडं बांधून द्या, कोंबड्या त्यात रमल्या की गाडी न्या. मी हसून हो म्हटलं. शेतकऱ्याची सून मी, मला काय कोंबड्या शिकवताय!

गॅरेजवाल्यांनी लोखंडी खुराडं बनवलं. मास्तरांनी त्यावर तुरेवाला कोंबडा रंगवला. दिवस कलल्यावर कोंबड्या आल्या, कोंबड्याचं चित्र बघितल्यासारखं करून वळसा घालून गेल्या आणि एकामागून एक गाडीत चढल्या. मी पदर खोचून आडवी धावले, "हुर्र" म्हणून ओरडले आणि शेणात बसले. मावशी दाताला मिश्री लावत म्हणाली, "बाय, कोंबडी हाय ती, म्हस नाय."

असे किती रविवार गेले. घरून निघताना आमचे हे विचारायचे, "कुठं?"

"धसईला."

"कोंबड्या निजवायला? अंगाई पाठ आहे ना?"

तिकडे आमचे दोन मदतनीस आपसांत बोलेनासे झाले. मास्तर म्हणत खुराड्याचं दार पूर्वेला हवं. गॅरेजवाले म्हणत चित्रालाच घाबरतात. मला दोघांनाही खुराड्यात कोंडावंसं वाटे.

शेवटी एका संध्याकाळी वैतागून मी गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून बसले. आत रेटारेटी चालली होती. रोग्याच्या नातेवाइकांनी बसायचा तो सागवानी बाक होता ना, त्याच्यावर जागा मिळवायला सगळ्या भांडत होत्या. खाली कुणी बसेना.

"बाक काढा आणि खुराड्यात घाला," मी म्हटलं.

मास्तर गाडीला पाठ लावून उभे राहिले. "ओरिजिनल आहे तो! तो काढला तर गाडीत उरलं काय?"

"पुढची सीट उरली. घंटा उरली. सरका."

गॅरेजवाल्यांनी पाना चालवला तेव्हा मास्तर पलीकडे चिंचेकडे बघत होते. त्या संध्याकाळी पहिली कोंबडी खुराड्याच्या दारात थबकली, मान वाकडी करून आत बघितलं आणि टुणकन बाकावर चढली. मागून सगळ्या. मावशी म्हणाली, "न्या आता. आन् ते चित्र ठेवा, बरं हाय."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला टोचन लावून गाडी निघाली. ब्रेक तेवढे गॅरेजवाल्यांनी आधीच करून ठेवले होते. ते ट्रॅक्टरवर, स्टिअरिंगवर मी, शेजारी फुगलेले मास्तर. गाडी मला चालवता येत नव्हती, पण ड्रायव्हरची मुलगी म्हणून मी कुणाला बोलूच दिलं नाही. सरळगावला लोक बाजूला झाले. एकानं टोपी काढली. दोरी माझ्या नाकासमोर झुलत होती. हात वर गेला आणि वडिलांचा आवाज आला: रिकाम्या गाडीची नाय. हात खाली. इतके रविवार, इतकं शेण, आणि बसले मी मुकाट, स्वतःवरच दात खात.

किन्हवलीच्या अलीकडे सीटच्या मागून आवाज आला. कुर्रऽऽ. मास्तरांनी वाकून हत्यारांच्या पेटीत बघितलं. "अहो! खुडूक कोंबडी! अंड्यांवर बसलीय!"

मी दोरी ओढली. घंटा अशी वाजली की पुढे ट्रॅक्टर थांबला आणि गॅरेजवाले धावत आले. "काय झालं? कोणाला काय झालं?"

"पेशंट आहे आत," मी म्हटलं. "दिवस भरत आलेत. थांबू नका, चला!"

आणि शहापूर येईपर्यंत दोरी सोडली नाही.