बॅटरीपासून वीतभर

साल १९७६, वैशाखातला शनिवार, सकाळचे साडेआठ. हजर : मी काउंटरवर, हवालदार दारात. गैरहजर : शेजारच्या गाळ्यात कामाला आलेली, बागाईतदार आण्णांची पांढरी अँबॅसडर.

हवालदार नेहमीप्रमाणे आत आले, हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून माझ्यासमोर ठेवली. बॅटरीजवळ काम करताना अंगावर धातू नको, हा त्यांचा नियम होता. अंगठी ठेवतानाच त्यांनी शेजारच्या गाळ्याकडे पाहिलं आणि हात तसाच थांबला.

"वैनी, गाडी कुटं हाय?"

इस्लामपुरात आमचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. हे माल आणायला सांगलीला जात आणि काउंटर मी बघे. शेजारचा गाळा हवालदारांचा. सैन्यात वीस वर्षं वायरलेसवर काढून ते परतले आणि मोटारीत कॅसेट बसवून द्यायचं काम करू लागले. नुसती कॅसेट नव्हे. अँप्लिफायर ते स्वतः बांधत, डिकीत फळीची पेटी करून बारा इंची स्पीकर बसवत आणि ढोलाची थाप पोटात कळेल असा आवाज काढत. या भागात तेव्हा असं दुसरं कोणी करत नव्हतं. साताऱ्याहून लोक गाड्या घेऊन येत. मला त्यांचा अभिमान होता, तो मी कधी लपवला नाही.

त्यांची पद्धत तुम्ही पाहायला हवी होती. स्पीकर बसला की मागच्या काचेखालच्या फळीवर ते मूठभर जोंधळे पसरत आणि कॅसेट लावत. दाणे जिथे नाचतील तिथला पत्रा थरथरतो, असं ओळखून तिथे गोणपाट ठासत. दाणे शांत झाले की काम पसंत. चिमण्यांना ही वेळ इतकी पाठ झाली होती, की कॅसेट सुरू झाली की त्या आमच्या पत्र्यावर येऊन बसत.

आणि कामाआधीचं त्यांचं वाक्य : "गाणं मागनं. आदी वायर."

वायरच्या कामाची बारा ओळींची यादी मी वहीत केली होती. ते गाडीखालून ओरडत, "लिवा वैनी, पत्र्याच्या भोकाला रबर घातलं." मी खूण करी. चौथी ओळ होती फ्यूजची. बॅटरीवरून निघालेली जाड वायर गालिच्याखालून डिकीपर्यंत जाते. तिच्यात फ्यूज हवा, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरावर. वायर मध्येच कुठे घासून पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडतो. फ्यूज नसेल, तर वायर लाल होते आणि वरचा गालिचा पेटतो. डिकीत तर गोणपाटच भरलेलं.

त्या शनिवारी वहीत चौथ्या ओळीपुढे खूण नव्हती. "उद्या" असं लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. फ्यूज बसवायचं होल्डर दुकानात संपलं होतं आणि ते मागवायचं माझ्याकडून राहिलं होतं.

वायर बॅटरीवरून सोडून ठेवायची, एवढंच खरं तर करायचं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळी आण्णा म्हणाले, "हवालदार, एकदा ऐकवा की!" गावच्या लेझमाची त्यांनी स्वतः भरलेली कॅसेट होती. ढोल असा घुमला, की समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धं ठेवून धाव घेतली. हवालदार डिकीवर तळहात ठेवून हसत उभे राहिले. त्या आनंदात वायर सोडायची राहून गेली. आणि पहाटे आण्णांचा ड्रायव्हर त्याच्याजवळच्या किल्लीने गाडी घेऊन गेला. आण्णांच्या मुलाचं लग्न होतं, दुपारी, रहिमतपूरला. नवरदेव त्याच गाडीत.

मी दुकानाला कुलूप घातलं. आमची जुनी जीप हवालदारांनी काढली, मी शेजारी बसले. होल्डर कऱ्हाडच्या कोणत्या दुकानात मिळेल हे मला ठाऊक होतं. तिथे पाच मिनिटं थांबून ते घेतलं. पुढे वाटेत हवालदार एकदाच म्हणाले, "गाडीत पोरंबी कोंबली असतील, न्हाई का?"

रहिमतपुरात शिरतानाच ढोल ऐकू आला. आण्णांनी वाजंत्री सांगितलीच नव्हती, गाडीच वाजत होती. चारी दारं उघडी, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मागे, त्याच्या मांडीवर दोन पोरं. हवालदार जीप आडवी घालून उतरले आणि हात वर करून गाडीपुढे उभे राहिले.

"आण्णा, गाडी बंद करा. समद्यांस्नी उतरवा."

"आवं, खुळं झालाय काय? मुहूर्त जवळ आलाय!"

"दा मिंटं. पोरं आदी उतरवा."

"काय बिघडलंय ते तरी सांगा!"

"बिगडलं कायबी न्हाई. माजं काम अर्दं ऱ्हायलंय. फ्यूज न घालता वायर जोडून ठेवली. चूक माजी हाय."

लग्नाच्या घोळक्यात हे वाक्य त्यांनी मोठ्याने म्हटलं. मी दोन हातांवर होल्डरची पिशवी धरून उभी होते.

नवरदेव उतरला. हवालदारांनी बॉनेट उघडलं, वायर सोडली, गालिचा उचलून ती बोटांनी चाचपत डिकीपर्यंत गेले. वायर नवी कोरी होती, कुठेही ओरखडा नाही. घोळक्यात हशा पिकला.

"हवालदार, गाडीला सलाईन लावताय व्हय?" नवरदेवाचा एक मित्र म्हणाला.

"वायर तर धडधाकट हाय की!" आण्णा कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "एवढ्यासाठी माझ्या पोराला उन्हात उभं केलंत?"

"मग जळलेल्या गाडीत फ्यूज बसवायला येऊ का?"

आण्णांनी नवरदेवाकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरून उतरलेल्या पोरांकडे. मग स्वतःची छत्री उघडून त्यांनी ती हवालदारांच्या डोक्यावर धरली. मुलाच्या लग्नात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, बागाईतदार माणूस एका कारागिरावर छत्री धरून उभा आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

नऊ मिनिटांत काम झालं. ढोल पुन्हा घुमला. मुहूर्त गाठला. पहिल्या पंगतीत आम्हाला बसवलं.

परतताना कऱ्हाडच्या पुलावर मी म्हणाले, "होल्डर मागवायचं माझं राहिलं होतं. तुम्ही सगळी चूक स्वतःवर घेतलीत."

"दुकान तुमचं, वैनी. वायर कुनी जोडली? मी." पूल ओलांडल्यावर म्हणाले, "आवाज लय आवडला हुता मला. म्हनून घात झाला."

मला वाटलं, विषय संपला. सोमवारी त्यांनी नवी वही आणली आणि मला यादी सांगू लागले. माझी बारा ओळींची यादी सुरू होण्याआधी त्यांनी ज्या गाड्यांत काम केलं होतं, त्या सगळ्या. सोळा निघाल्या. त्यांतल्या कोणत्या वायरीत फ्यूज नीट घातला आणि कोणत्या नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

मग रविवार त्यात जाऊ लागले. काही मालक चेष्टा करत, काही चहा पाजत. कवठे महांकाळला एक गाडी कडुनिंबाखाली कायमची उभी होती आणि स्पीकरच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. हवालदारांनी कोंबडीला न उठवता पुढून फ्यूज तपासला. "बाईंचं चालू द्या," म्हणाले.

पंधरा गाड्या झाल्या. तिघींत फ्यूज नव्हता. त्यांतल्या एकीची वायर मी पाहिली. रबर झिजून गेलं होतं आणि पत्र्याच्या कडेशी तांबं उघडं पडलं होतं. त्या दिवशी हवालदार जेवले नाहीत.

सोळावी निळी जीप. एकाने दुसऱ्याला विकली, दुसऱ्याने जतच्या बाजूला. तिचा माग काढत असतानाच गेल्या कार्तिकात त्यांना कावीळ झाली आणि त्यातच ते वारले. त्यांचा गाळा आता एका टायरवाल्याने घेतला आहे. मी शेवटचं दवाखान्यात भेटायला गेले होते, तेव्हा त्यांनी माझी विचारपूस केली, यांची केली आणि मग विचारलं, "जीप?"

मी दोनदा जतला जाऊन आले. परवा एक ट्रकवाला म्हणाला, तशी एक निळी जीप अथणीच्या रस्त्यावर दिसते, मोठ्याने गाणी लावून जाते, माणसं दाटीवाटीने भरलेली असतात. नंबर त्याला सांगता आला नाही. फ्यूज, होल्डर आणि पक्कड पिशवीत घालून ठेवली आहे. अथणीला जायचं राहिलं आहे.