बटण कुणाच्या हातात

"आडनाव काय गं तुझं?" सरांच्या आईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच स्वयंपाकघरात परत गेला. बाहेर आला तो कागदी कप. बाकी सगळ्यांना स्टीलचे पेले. हे इंग्लंडात, रीडिंग शहरात, सरांच्या घरी, सत्यनारायणाला.

सर म्हणजे ऑफिसातले माझे वरिष्ठ. पुण्याचे. त्यांनी बघितलं आणि मान वळवली. आणि मी? प्यायले. तहान लागली होती हो! परतताना ट्रेनमध्ये ढसाढसा रडले.

आमचं काम जमिनीतलं पाणी शोधायचं. सध्या हातात आहे ऑस्ट्रेलियातल्या आडरानातली एक आदिवासी वस्ती. त्यांची बोअर खारट झालेली. वस्तीखाली गोडं पाणी होतं, पण खोल. सरांनी नवी बोअर आखली शेजारच्या गोऱ्याच्या गुरांच्या फार्मवर. तिथे वीज आयती. तिथून वस्तीपर्यंत पाइप.

सोमवारी व्हिडिओ कॉलवर वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, "पूर्वीही तिथूनच पाणी घ्यायचो. मालक चिडला की पंप बंद. मग आम्ही गेटबाहेर उभे."

मला माझी आई दिसली. मळ्याच्या कुंपणाबाहेर, हंडा घेऊन. विहिरीच्या मोटारीचं बटण मालकाच्या घरात. "थांब गं, जेवण होऊ दे," तो आतूनच ओरडायचा. आई थांबायची. मीही, तिचा पदर धरून. आई गेली. जन्मात तिने स्वतःच्या हाताने मोटार कधी सुरू केली नाही. आठवलं की आजही काळीज तुटतं.

कॉल संपला. सर म्हणाले, "अगं, इमोशनल नको होऊस. पाणी मिळाल्याशी मतलब. बटण कुणाच्या का हातात असेना!"

"सर, तुमच्या घरी मलाही पाणी मिळालंच की. कागदी कपात."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "आईचं सोवळं असतं गं. जुनं माणूस."

जुनं माणूस! आणि मान वळवली ती कोणी?

उद्या क्लायंटची मीटिंग आहे. सरांचं डिझाइन मीच मांडायचंय. मी ते मांडणार नाही, आणि का नाही ते सगळ्यांसमोर सांगणार. बोअर वस्तीत. बटण वस्तीत. नोकरी जाईल, पाठोपाठ व्हिसाही. जाऊ दे, खड्ड्यात जाऊ दे. कुंपणाबाहेर मी पुन्हा उभी राहणार नाही. आणि माझ्या हाताने कुणाला उभं करणार नाही.